मोतारचं पातेलं

पाल्मा लग्न करून स्मर्काला निघाली, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, येर्कोने, तिच्या हातात ना काही ठेवलं ना डोक्यावरून हात फिरवला. दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला, “जा. जन्मभर गवत खा.”

येर्को लूका बंदरातला माणूस. लूकात दगडी जिन्यांची घरं, दारूची तळघरं, ऐटीत डुलणाऱ्या होड्या. बेटाच्या पाठीला असलेलं स्मर्का म्हणजे कड्याखाली चिकटून बसलेली मूठभर घरं. तिथे शेत नाही, मळा नाही. समोर समुद्र, मागे कडा आणि खडकांवर मोतार.

मोतारला माती लागत नाही. लाटेचा तुषार जिथवर उडतो तिथवर, खडकाच्या फटीत ती रुजते आणि खारं पाणी पिऊन गुबगुबीत होते. तान्ह्या बाळाच्या बोटांसारखी तिची जाड, रसरशीत पानं. कच्चं पान चावलं की आधी मीठ लागतं, मग बडीशेपेच्या वळणाचा एक वास येतो आणि शेवटी असा कडवट झणका बसतो की नवख्याला ठसकाच लागावा. पण उकळत्या पाण्यातून काढली की तिचा तोरा उतरतो. मग ऑलिव्हच्या तेलात परता, बटाट्यात घाला, अंड्यात घाला, नाहीतर व्हिनेगरात मुरवून बरणीत भरा. ती वर्षभर साथ देते. जुन्या काळी लांबच्या सफरीवर निघालेले खलाशी हिच्याच बरण्या सोबत न्यायचे. हिरड्या सुजू नयेत म्हणून.

आता तसे खलाशीही फारसे उरले नव्हते. बेटावरच्या द्राक्षवेलींना कीड लागली, जिथे मजुरी मिळायची ते मळे उभे वाळले, आणि स्मर्काचे पुरुष एकेक करून चिलीला गेले. पाल्माचा नवरा माते तिथल्या खाणीतच राहिला. परत आला तो फक्त निरोप. तेव्हापासून पाल्मा काळ्या कपड्यांत होती. वस्तीत मागे राहिल्या होत्या बायका, दोनचार म्हातारे, शेळ्या आणि एक जुनी होडी.

बेटावरचा मोठा सण म्हणजे जूनअखेरचा संत पेत्राचा दिवस. सकाळी वल्ह्यांची शर्यत व्हायची. लूकाच्या धक्क्यावरून निघायचं, गालेब नावाच्या खडकाळ बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. प्रत्येक वस्ती आपापलं पातेलं शिजवून आणायची. शर्यत जिंकणाऱ्या वस्तीचं पातेलं आधी उघडायचं, हरलेल्या तांडेलांनी त्यातला पहिला घास खायचा, आणि ते रिकामं होईपर्यंत दुसऱ्या कुठल्या पातेल्याचं झाकण उचलायचं नाही, हा रिवाज. गेली कित्येक वर्षं लूकाची होडी जिंकत होती. येर्को तांडेल, त्यामुळे लूकाचं कोकरू आधी. ते संपेपर्यंत लोकांची पोटं भरलेली. स्मर्काची तर होडीच शर्यतीत उतरत नव्हती. त्यांचं मोतारचं पातेलं तुतीच्या सावलीत बसून राहायचं आणि संध्याकाळी जसंच्या तसं होडीत चढायचं.

त्या वर्षी मे महिन्यात पाल्मा व्हिनेगर आणायला लूकाला गेली. बरोबर दोब्रिला होती. दोब्रिलाचं लग्न होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तोच तिचा नवरा बोटीत बसला होता. येर्को धक्क्यावर जाळं विणत बसला होता, आजूबाजूला त्याच्या होडीवरची पोरं.

“काय पाल्मे, यंदाही आणणार का ते पातेलं?” तो मान वर न करता म्हणाला.

“आणणार.”

“आणि परत नेणार.” पोरं फिदीफिदी हसली. येर्कोला चेव आला. “असं करतो, दोन बोकड पाठवून देतो स्मर्काला. कुणीतरी चवीनं खाईल तरी!”

मागच्या सणाचं पातेलं दोब्रिलाने रांधलं होतं, सासरी आल्यावरचा पहिलाच स्वयंपाक. तिचे डोळे भरून आले. पाल्माने ते पाहिलं. स्वतःसाठी ती वीस वर्षं गप्प बसली होती, पण या पोरीचे डोळे तिला पाहवले नाहीत.

“पातेलं उघडायचं तर शर्यत जिंकायला लागते, नाही का?” ती म्हणाली.

“लागते की. आणि शर्यतीला पुरुष लागतात.”

“शर्यतीला होडी लागते. ती आहे आमच्याकडे.”

आता मात्र येर्कोने मान वर केली. “तुम्ही? वल्हवणार? शेळ्या सांभाळा गं.”

“भेटू सणाला,” पाल्मा म्हणाली आणि व्हिनेगरचं छोटं पिंप उचलून चालू लागली. वळणापलीकडे गेल्यावर मात्र ती थांबली. तिने पिंप खाली ठेवलं.

“काकू, तुम्ही खरंच बोललात ते?” दोब्रिलाने विचारलं.

“बोलून तर बसले बाई.”

होडीला लागतात चार वल्ही आणि एक सुकाणू. दोन वल्ही पाल्मा आणि दोब्रिलाची. उरलेली दोन वित्सा आणि मांदिना या सख्ख्या बहिणींची. या दोघी झोपेत सोडून सदासर्वकाळ भांडायच्या, पण एका लयीत वल्हवायच्या. सुकाणूसाठी पाल्मा ओर्सूलाआजीकडे गेली. म्हातारी उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती.

“मी? माझ्या तोंडात दात नाहीत, बये!”

“चावायचं नाहीये आजी, सुकाणू धरायचंय.”

म्हातारीने शेंगांची टोपली बाजूला सारली. “येर्को काय म्हणाला? शब्दन् शब्द सांग.” पाल्माने सांगितलं. “बोकड म्हणाला?” म्हातारीने कमरेला हात दिला आणि उठली. “चल, आधी होडीचं बूड बघू.”

बायकांनी शर्यतीत नाव दिल्याचं कळल्यावर लूकात गदारोळ झाला. येर्को तावातावाने चर्चमध्ये गेला. पाद्री आन्द्रो शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. “रिवाज काय आहे? वस्तीची एक होडी, चार वल्ही, एक सुकाणू. बरोबर?”

“बरोबर, पण—”

“मिशांचं काही म्हटलेलं मला तरी आठवत नाही. तुला आठवतंय?”

येर्को पाय आपटत परतला.

जून लागला. मोतार फुलायच्या आत खुडायची असते, म्हणून स्मर्काच्या बायका नेहमीप्रमाणे गालेबला जाऊ लागल्या. नुसता सराव म्हणून वल्हवायला त्यांना सवड कुठली? जाताना होडी हलकी, येताना पोत्यांनी भरलेली, आणि दुपारी समोरून मायेस्त्राल वारा नाक दाबून उभा. असं त्या वर्षानुवर्षं ओढत आल्या होत्या. या खेपेला फक्त ओर्सूलाआजी मागे बसून ओरडायची, “वल्हं पाण्यात बुडवताय का पाणी कुरवाळताय? ओढा!”

“मांदिना मागे पडतेय,” वित्सा म्हणायची.

“ही पुढे पळतेय!” मांदिना म्हणायची.

“तुमची तोंडं चालतात तशी वल्ही चालवा,” आजी म्हणायची. दोब्रिला हसून हसून दमायची. तिचे तळवे सोलवटले होते. पाल्मा संध्याकाळी त्यांना तेल चोळून द्यायची आणि मुलगी वेदनेने डोळे मिटून घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी होडीपाशी हजर.

सणाच्या आदल्या दुपारी पातेल्यावरून वाद झाला.

“मोतार तळाला घाल,” ओर्सूलाआजी म्हणाली. “वर बटाटे पसर. लोकांना दिसली नाही म्हणजे खातील.”

“वीस वर्षं मी या भाजीपायी मान खाली घालून जगले,” पाल्मा म्हणाली. “आता तिला लपवू? वर ठेवायची ती. हिरवीगार. आल्या आल्या दिसली पाहिजे.”

तिने ताजी मोतार खळखळत्या पाण्यात टाकली, रंग खुलताच बाहेर काढली आणि गार पाण्यात सोडली. उकडलेले काबुली चणे, बटाट्याच्या जाड फोडी, खारवलेल्या तारल्यांचे काटे काढून केलेले तुकडे, ठेचलेला लसूण. त्यात गेल्या वर्षीची व्हिनेगरात मुरलेली मोतार मिसळली, म्हणजे आंबटपणाला वेगळं काही नको. वरून ऑलिव्हचं तेल सढळ हाताने ओतलं आणि सगळ्यात वर ताज्या मोतारचा थर दिला. पातेलं ओल्या पोत्यात गुंडाळून विहिरीच्या गारव्यात ठेवलं. हे खाणं थंडच खायचं असतं.

सणाच्या सकाळी लूकाच्या धक्क्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाच होड्या ओळीत उभ्या राहिल्या. लूकाची होडी ताज्या रंगाने चकाकत होती, येर्कोची पोरं दंड फुगवून बसली होती. स्मर्काच्या होडीचा रंग कुठला हे होडीलाही आठवत नसेल. चार काळे-करडे झगे, चार डोक्याचे रुमाल, आणि मागे मुठीएवढी म्हातारी.

“आजी, टोपली विसरलात!” कुणीतरी धक्क्यावरून ओरडलं. “गवत कशात भरणार?”

घंटा झाली. होड्या सुटल्या. पहिल्या काही वल्ह्यांतच स्मर्काची होडी सगळ्यांत मागे पडली. पुरुषांनी सुरुवातीलाच जीव तोडून जोर लावला होता. दोब्रिलाचा धीर सुटला. ती घाईघाईने ओढायला लागली.

“माझ्या पाठीकडे बघ,” पाल्मा मागे न वळता म्हणाली. “पोती भरून आणतो आहोत असं समज. घाई नाही.”

होडीने लय धरली. बंदराचं तोंड मागे पडलं, खुला समुद्र लागला, आणि उन्हासोबत समोरून वारा सुरू झाला. त्या दिवशी मायेस्त्राल जरा लवकरच जागा झाला होता. पुढच्या होड्यांचा जोर ओसरला. नुसत्या जोरावर पळणारा माणूस समोरच्या वाऱ्यात लवकर फसतो. स्मर्काच्या बायकांना मात्र हा वारा घरचा होता. त्यांनी एक होडी मागे टाकली, मग दुसरी. तिसऱ्या होडीतल्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याचं वल्हंच चुकलं. वित्सा आणि मांदिना एक शब्द बोलत नव्हत्या. पाल्माच्याही ते लक्षात आलं.

गालेब जवळ आलं तेव्हा पुढे फक्त येर्को होता, पण बराच पुढे. बेटाच्या टोकाशी पाण्याखाली खडकांची रांग आहे, म्हणून सगळ्या होड्या तिला वळसा घालून लांबून जातात. बेट आणि ती रांग यांच्यामधे एक अरुंद वाट आहे. स्मर्काच्या बायका मोतार खुडताना होडी तिथेच लावायच्या, पण लाट नसताना. आज लाट होती.

“आजी?” पाल्माने विचारलं.

ओर्सूलाआजी पाण्याकडे टक लावून बघत होती. “लाट आत शिरली की तिच्या पाठीवर बसून जायचं. एकदाच जमेल. चुकलं तर होडी फुटेल.” मग तिने चौघींकडे पाहिलं. “काय करू?”

“घाल,” सगळ्यात आधी दोब्रिला म्हणाली.

म्हातारीने सुकाणू वळवलं. दोन्ही बाजूंनी खडक जवळ आले. मागून लाट फुगत आली, होडी उचलली गेली. “वल्ही आत!” आजी किंचाळली. चौघींनी वल्ही आत ओढली आणि हातांनी खडक रेटायला सुरुवात केली. पाल्माचा तळवा दगडावर फाटला, बोटांखाली मोतारची पानं चिरडली, त्यांचा वास उग्र होऊन नाकात शिरला. होडीचं बूड कशाला तरी घासलं. करकरलं. सुटलं. आणि समोर निळं, मोकळं पाणी.

“वल्ही बाहेर! ओढा गं बायांनो, ओढा!”

येर्कोची होडी रांगेला लांबचा वळसा घालून येत होती. त्याने मान वळवली आणि स्मर्काची होडी आपल्या बरोबरीला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता वारा पाठीला होता. दोन होड्या शेजारी शेजारी धावत होत्या. येर्को आपल्या पोरांवर ओरडत होता, शिव्या देत होता. पाल्मा मात्र नुसती ओढायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. वल्ह्याच्या दांड्यावर रक्त लागून हात निसटत होता, तो तिने झग्यात गुंडाळला.

धक्क्यावरचा आवाज आता ऐकू येत होता. आधी नुसता गलका, मग त्यातून एक बाईचा आवाज उठला, “स्मर्का!” मग दुसरी, तिसरी. लूकाच्याच बायका होत्या. त्यांचे नवरे येर्कोच्या होडीत होते आणि त्या ओरडत होत्या, “ओढ पाल्मे! ओढ!”

स्मर्काची होडी धक्क्याला वल्ह्याच्या पात्याएवढ्या अंतराने आधी लागली.

मग घंटा वाजायला लागली आणि थांबेचना. दोब्रिला रडत होती, हसत होती. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. ओर्सूलाआजीने रुमाल नीट बांधला आणि धक्क्यावरच्या त्या टोपलीवाल्याला शोधलं. “ए, ये इकडे. हात दे. मला वर चढायचंय.”

येर्को लालबुंद होऊन वर आला. “कपारीतून गेल्या! वळसा नाही घातला!”

“बेटाला घातला की नाही?” पाद्री आन्द्रोने विचारलं.

“बेटाला... घातला.”

“मग झालं. तुलाही कुणी अडवलं नव्हतं.”

चर्चच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. कोकराचं, माशांचं, भाताचं पातेलं झाकलेलंच राहिलं आणि दोघा पोरांनी तुतीखालून स्मर्काचं पातेलं उचलून मधोमध आणलं. ओलं पोतं सोडलं, झाकण उघडलं. वर हिरवीगार मोतार. कुणीतरी मागून पुटपुटलं, “आता हे सगळं संपवायचं?”

पाल्माने वाडगा भरला आणि ती सगळ्यांत आधी येर्कोसमोर उभी राहिली. तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. वीस वर्षांत त्याने तिच्या हातचं खाल्लं नव्हतं.

“घे, दादा.”

येर्कोने वाडग्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. औषध घ्यावं तसा एक मोठा घास तोंडात कोंबला. चावला. थांबला. उन्हात वल्हवून त्याचा घसा सुकून गेला होता. तो गार, आंबट, खारट घास जिभेवर पडला आणि तोंडाला पाणी सुटलं. तारलीचा खारा तुकडा, चण्याचा पिठूळपणा, लसूण, आणि मागून मोतारचा तो झणका. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. अंगणातला प्रत्येक माणूस त्याच्या तोंडाकडे बघत होता. वाडगा रिकामा झाला तेव्हाच त्याला भान आलं.

“कसं आहे?” त्याच्या बायकोने अधीर होऊन विचारलं.

येर्कोने वाडगा पुढे केला. “वाढ,” तो पाल्माला म्हणाला. “आणि चणे कमी. हिरवी जास्त घाल.”

अंगणात हास्याचा असा स्फोट झाला की तुतीवरच्या चिमण्या उडाल्या. लोक वाडगे घेऊन पुढे सरसावले. तापलेल्या घशाला त्या दिवशी गरम कोकरू नकोच होतं. बायका दोब्रिलाला गराडा घालून विचारू लागल्या, उकळत्या पाण्यात किती वेळ, व्हिनेगर कुठलं, कच्ची चालते का. पोरगी मान ताठ करून सांगत होती. रांगेच्या शेवटी उभा असलेला एक म्हातारा खलाशी काठी आपटून ओरडत होता, “अरे, मला ठेवा! मी केप हॉर्नला हे खाऊन जगलोय!” त्याच्यासाठी पाल्माने तळ खरवडला.

मग रिवाजाप्रमाणे रिकामं पातेलं पालथं घालून त्यावर वाढायच्या डावाने ठोका मारायचा असतो. तो मान ओर्सूलाआजीला दिला. म्हातारीने डाव दोन्ही हातांनी उचलला आणि असा हाणला की पातेल्याला पोचा आला. तो नाद बंदरभर घुमला.

“आता उघडा तुमचं कोकरू,” ती म्हणाली. “बघू, बोकडाचं तर नाही ना!”

सण झाल्यावर एका सकाळी स्मर्काच्या खाडीत लूकाची होडी शिरली. येर्को एकटाच होता. धक्का कुठला, तिथे नुसता उतरता खडक. पाय घसरून तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि वैतागून म्हणाला, “माणसं राहतात तरी कशी इथे?”

“सवयीने,” पाल्मा दारातून म्हणाली. “ये. भूक असेल तर बस.”

तो आत आला. घरात इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवरच्या पाल्माच्या नवऱ्याच्या फोटोसमोर टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग टेबलाशी बसला. पाल्माने तव्यात तेल टाकलं, चिरलेली मोतार परतली, वरून अंडी फोडली. येर्कोने ताटली पावाने पुसून घेतली.

“त्या दिवशी मी दारात जे बोललो होतो,” तो म्हणाला, “ते तुला लागलं असेल.”

“लागलं होतं,” पाल्मा म्हणाली.

त्याने मान हलवली. खिडकीतून ओर्सूलाआजी डोकावली. “पाल्मे, गालेबला निघायचंय ना? शेवटची मोतार राहिली आहे.” तिची नजर येर्कोच्या दंडांवर गेली. “हा काय करतोय?”

“जेवला,” पाल्मा म्हणाली.

“मग वल्हं घेऊ दे की हातात.”

येर्कोने तोंड पुसलं आणि उठला. खडकापाशी वित्सा आणि मांदिना आधीच होडीत बसून पुढची जागा कुणाची यावरून भांडत होत्या, आणि दोब्रिला रिकामी पोती घडी करून ठेवत होती.